भांगाच्या पाण्यातला डोह

"भांगाच्या पाण्यात डोहात जाळा घालूचा नाय, वैजू. ते दिवस त्येंचे."

दिगंबर हे सांगायचा तेव्हा नेहमी पाठमोरा असायचा, ओसरीवर जाळं विणत, दातांत सुतळी धरून. त्यामुळे त्याचे शब्द थोडे चावलेले यायचे. वैजयंती आतून "बरं" म्हणायची. 'त्येंचे' म्हणजे कुणाचे, हे तिनं सव्वीस वर्षांच्या संसारात एकदाही विचारलं नाही. आता विचारावं म्हटलं तर ओसरी रिकामी होती. त्याला जाऊन चार वर्षं झाली, तरी तो आवाज पाठीमागूनच यायचा आणि ती दर वेळी वळून बघायची.

आडबंदरच्या वाडीत एके काळी चाळीस घरं कोयंड्यांची आणि मेथरांची होती. समुद्र तापत गेला तसा बांगडा उत्तरेकडे सरकला, तारली खोल गेली, आणि त्यांच्या मागोमाग माणसंही गेली. आता दिवेलागणीला नऊ घरांत उजेड दिसायचा. वैजयंतीची लेक नागपुरात होती. समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन राहिली, असं वैजयंती हसून सांगायची.

पण दिवस तिला मोठा वाटू नये अशी तिनं त्याची बांधणी केली होती. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, नामाच्या अकरा माळा. मग पेजेची वाटी घेऊन ओहोटीच्या वेळी ती खाडीच्या तोंडाशी जायची, कारण गेली तीन वर्षं ती 'किनारा सहवास केंद्रा'ची नोंदकरीण होती.

काम सोपं होतं. ठरलेल्या सहा जागांवरून बाटलीत पाणी भरायचं. हातजाळ्यात येतील ते पाच-सहा मासे घ्यायचे, पोट चिरून आतला घास काढायचा आणि केंद्रानं दिलेल्या डबीत ठेवायचा. वाडीतले लोक त्या डबीला 'पोटडबी' म्हणायचे. माशानं खाल्लेलं चिखलासारखं झालं तरी त्यात खाल्लेल्या जिवाची खूण शिल्लक असते. प्रत्येक जिवाच्या पेशीपेशीत त्याच्या वंशाची लिहिलेली एक दोरी असते. पोटातल्या आम्लात ती तुटते, पण तुकडे राहतात. पोटडबी ते तुकडे वाचून अर्ध्या तासात सांगायची: या बोयीनं सकाळी दगडावरचं शेवाळ खाल्लं, या शेंगाळीनं चिखलातले किडे खाल्ले, या गोबऱ्यानं काल संध्याकाळी एक खेकडा खाल्ला.

शंभर खाड्यांतल्या अशा नोंदी जोडून केंद्राच्या यंत्रानं किनाऱ्याचा नकाशा बनवला होता. त्यात रस्ते नव्हते, नावं नव्हती. कोण कुठं राहतं, कुणाबरोबर राहतं, काय खातं आणि कधी खातं, एवढंच होतं. वैजयंतीला तो नकाशा फार आवडायचा. एकाच खडकाभोवती चार जातींचे मासे. वरचं शेवाळ बोयीचं, मधल्या पाण्यातले बारीकसारीक किडे काळुंदराचे, तळचा गाळ शेंगाळीचा, आणि कपारीच्या तोंडाशी अंधार पडल्यावर गोबरा. दिवस एकाचा, रात्र दुसऱ्याची. एका घरात चार जावा नांदाव्यात, चूल एकच असावी आणि तरी भांड्याला भांडं लागू नये, तसं. देवानं हे कधी वाटून दिलं असेल, असं तिच्या मनात यायचं आणि हात आपोआप जोडले जायचे.

माघ शुद्ध द्वितीयेला केंद्राचा निरोप आला. फोनमधल्या बाईनं गोड आवाजात वाचून दाखवला: "आडबंदर खाडीच्या तोंडचा डोह तीन वर्षांच्या नोंदींनुसार रिकामा आहे. तिथं ना कुणाचा मुक्काम, ना कुणाचा चारा. माघी पौर्णिमेच्या भरतीला तिथं जिताड्याची वीस हजार पिल्लं सोडण्यात येतील."

रिकाम्या जागा शोधून तिथं नवी वस्ती करायची, हीच केंद्राची योजना होती, आणि ती काही खोटी नव्हती. पलीकडच्या दोन खाड्यांत जिताडा पुन्हा दिसू लागला होता, त्यामागोमाग दोन होड्याही पाण्यात आल्या होत्या. वैजयंतीला पहिल्यांदा बरंच वाटलं. रिकाम्या घरात कुणीतरी राहायला येणार म्हटलं की तिला बरं वाटायचं.

मग तिला ओसरीवरचा आवाज आठवला. ते दिवस त्येंचे.

*

भिकाअण्णा मेथर वाडीतला सगळ्यांत म्हातारा. किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्यांचा जुना म्होरक्या. आता गुडघे गेलेले, पण जीभ अजून उधाणाची. तो घरापुढच्या खळ्यात उन्हाला बसला होता.

"अण्णानु, डोहात जिताडो सोडतत," तिनं सांगितलं. "म्हणतत, डोह रिकामो असा."

"रिकामो?" भिकाअण्णानं डोळे बारीक केले. "कोण म्हणता?"

"नोंदी म्हणतत. माझ्याच नोंदी."

"तू भांगात गेल्लंस कधी?"

तिनं नकारार्थी मान हलवली. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण चंद्र अर्धा असताना भरती-ओहोटी अंगातलं त्राण गेल्यासारखी मंद होते, पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. त्याला कोळी माणूस भांग म्हणतो.

"दशमीपास्ना द्वादशीपर्यंत माझो नेम असता," ती म्हणाली. "त्या तीन दिवसांत मी मासळीक हात लावणंय नाय. खाडीर पण जाणंय नाय."

भिकाअण्णा तोंडाचं बोळकं उघडून हसला. "गो वैजू, म्हणजे तुझी ती डबी पण तुझ्यावांगडा एकादशी धरता काय?"

तो हसत राहिला. वैजयंतीला मात्र हसू आलं नाही.

"अण्णानु, हे भांगात डोहात जाळा घालीत नसत, ता माझ्या एकादशीसाठी मा?"

"दिगू? तुझ्या एकादशीसाठी?" म्हातारा चकित झाला. "अगो, तेच्या बापाशीन पण कधी घालूक नाय. तेच्या आज्यान पण नाय. ता पूर्वीपास्नाचा. कशाक ता माका म्हायत नाय. घालूक नाय म्हणजे नाय."

परतताना तिला वाट लांब वाटली. सतरा वर्षं तिनं एक गोष्ट कुणालाही न सांगता जपली होती, देव्हाऱ्यातल्या डबीत कुंकू जपावं तशी. आपला नेम मोडू नये म्हणून नवरा महिन्याचे सहा दिवस देवाचे मानून डोह सोडून देतो, अशी. तो म्हणायचाही, "तुझी एकादशी आणि माझो डोह, दोघांचीय सुट्टी एकाच दिशी." ती मनातल्या मनात लाजायची. आता कळलं की ती सुट्टी तिच्यासाठी नव्हतीच. घर तर आधीच रिकामं होतं. आज त्यातली आणखी एक वस्तू कुणीतरी उचलून नेली.

*

घरी येऊन तिनं भिंतीवरचं पंचांग खाली काढलं आणि केंद्रानं नोंदींसाठी दिलेली पडद्याची पाटी शेजारी उघडली. पंचांगात दर एकादशीला तिनं लाल गंधाचा ठिपका ठेवला होता. एकेक ठिपका धरून ती पाटीवरची तारीख बघत गेली. आणि तिचा हात थांबला.

त्या दिवसांच्या नोंदी कोऱ्या नव्हत्या. आकडे होते. डोहाचं पाणी, डोहातले मासे: शून्य, एक, शून्य.

ती तर गेलीच नव्हती.

तिनं ऋजुताला फोन लावला. ऋजुता केंद्रातली शास्त्रज्ञ. वयानं लेकीएवढी, चौदा खाड्या सांभाळणारी, सतत कुठल्या तरी होडीत असल्यासारखी बोलणारी.

"हो, ते आकडे यंत्रानं भरलेत, ताई. नोंद नसली की ते अलीकडच्या आणि पलीकडच्या दिवसांवरून मधला अंदाज काढतं. सगळीकडे असंच करतात."

"म्हणजे मी उपाशी होते, आणि माझ्या नावानं यंत्रानं जेवून घेतलं."

ऋजुता हसली, पण लगेच थांबली. "थांबा हं. तुम्ही कामाला लागताना सांगितलं होतंत, सहा दिवस येणार नाही म्हणून. मीच म्हटलं होतं, चोवीस दिवस भरपूर झाले." पलीकडे बोटांचा टकटक आवाज आला. "अरे देवा. एकादशी म्हणजे तिथी. म्हणजे चंद्र."

"चंद्रच की गो बाय."

"महिन्यातले कुठलेही सहा दिवस इकडचे तिकडचे गेले असते तर चाललं असतं, ताई. पण हे दर वेळी तेच सहा आहेत. चंद्र अष्टमीला अर्धा होतो, पण एवढ्या मोठ्या पाण्याला ते उमगायला दोन दिवस लागतात. सगळ्यांत मंद पाणी अष्टमीला नसतंच. ते असतं दशमी-एकादशीला. आपण तीन वर्षं तेच पाणी एकदाही बघितलेलं नाही."

वैजयंतीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्या पाण्यात डोहात कोण येत असेल?"

"मला वाटतं, तांबोशीची पिल्लं." ऋजुताचा आवाज आता सावकाश झाला होता. "ती लहानपणी आत कांदळवनात असतात, मुळांमध्ये. मोठी झाली की बाहेरच्या खडकात. मधलं अंतर कधी आणि कसं पार करतात ते आपल्या नकाशात दिसतच नाही. उधाणात खाडीच्या तोंडाला इतकी ओढ असते की बोटाएवढं पिल्लू समुद्रात फेकलं जाईल, आणि त्या जोराबरोबर मोठे मासे आत येतात. पण भांगात पाणी थांबतं, गाळ बसतो, तळापर्यंत ऊन जातं. बारीक कोळंबी वर येते. पिल्लांना तीन दिवस पोटभर खायचं, दम घ्यायचा आणि पुढं जायचं, एवढीच जागा."

"धर्मशाळा," वैजयंती म्हणाली.

"काय?"

"धर्मशाळा गो. रिकामी दिसते म्हणून तिथं कुणी बिऱ्हाड थाटत नाही."

"जिताडा आपल्यापेक्षा लहान असेल ते सगळं खातो," ऋजुता म्हणाली. "धर्मशाळेच्या दारात वीस हजार जिताडे बसले तर दोन-तीन वर्षांत बाहेरच्या खडकात तांबोशी उरणार नाही. पण हा माझा अंदाज झाला, ताई. समिती अंदाज ऐकत नाही. पिल्लं हाताएवढी झालीत, टाक्यांत मावत नाहीत, पौर्णिमेचं सोडणं पुढं ढकलायचं तर मला प्रत्यक्ष नोंद दाखवावी लागेल. भांगातली. पाच माशांच्या पोटची."

पौर्णिमेआधी भांग एकच उरला होता.

"मी माणूस पाठवते," ऋजुता घाईनं म्हणाली. "तुमचा नेम आहे, मला माहीत आहे."

"त्याला वाट सापडायची नाही," वैजयंती म्हणाली. "डोहाकडं दगडांची वाट आहे. एरवी ओहोटीला ती उघडी पडते, तेव्हा मी जाते. भांगात ओहोटी अर्धीच उतरते. वाट पाण्याखालीच राहते. एका बाजूला कपार आहे, माणूस गेला तर वर येत नाही."

"मग राहू दे. तुम्हीही नका जाऊ."

वैजयंतीनं पंचांगातल्या पुढच्या एकादशीवर बोट ठेवलं.

"आणि ताई, मारावं लागणार नाही," ऋजुता हळूच म्हणाली. "नवी नळी आलीय. तोंडातून थोडं पाणी सोडलं की पोटातला घास बाहेर येतो, मासा जिवंत परत सोडता येतो. उडत्या टपालानं पाठवून ठेवते. वापरा नाहीतर नका वापरू."

*

तो नेम तिनं सतरा वर्षांपूर्वी धरला होता. त्या वर्षीच्या वादळात दिगंबरची होडी तीन दिवस बेपत्ता होती. तिसऱ्या दिवशी एकादशी होती. ती देव्हाऱ्यापुढं पाणीही न घेता बसली आणि म्हणाली, "नारायणा, मला परत दे. मी जन्मभर दर एकादशीचे, दशमी ते द्वादशी, तीन दिवस तुला देईन." दुपारी तो चालत आला, पलीकडच्या गावच्या किनाऱ्यावरून, अनवाणी, ओठ फुटलेले.

मग चार वर्षांपूर्वी तो गेला तो साध्या तापानं, घरात, अंथरुणावर. शेवटच्या दिवशी त्यानं तिचा हात धरला होता.

"डोह राखतलंस मा?"

"राखतलंय."

"वाट म्हायत असा मा? डोळ्यांनी नको. पायांनी मोज. सात दगड. आठव्याक डाव्या हाताक वळ."

लोक म्हणाले, आता कशाला निर्जळी? ज्याच्यासाठी धरली तो तर गेला. तिनं सोडली नाही. देवाला दिलेला शब्द होता हे खरं. पण दुसरंही एक होतं, ते तिनं कधी माळ ओढतानाही मनात उच्चारलं नव्हतं. एकादशीला ती उपाशी राहायची तेव्हा तो अजून त्या वादळात होता. यायचा होता. नेम सोडला असता तर तो गेला हे कबूल करावं लागलं असतं.

नवमीला नळी आली. निळसर, करंगळीएवढी. तिनं ती देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली आणि दिवसभर तिच्याकडं बघायचं टाळलं. मारायचं नव्हतं, खरं. पण हे तर त्याहून वाईट वाटत होतं. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढू नये, एवढं तर अडाणी माणसालाही कळतं. आणि ती तो एकादशीला काढणार होती, स्वतः उपाशी राहून, प्रवासाला निघालेल्या पिल्लांच्या तोंडातून.

दशमीला ती एकदाच जेवली. संध्याकाळी खळ्यात उभी राहून तिनं खाडीच्या तोंडाकडं पाहिलं. पाणी एखाद्या दमलेल्या गाईसारखं बसलं होतं. इतक्या वर्षांत या दिवशी तिनं तिकडं कधी पाहिलंच नव्हतं. दिगंबरनं पाहिलं असेल. नक्की पाहिलं असेल. जाळं न घेता, नुसता काठावर उभा राहून. मग घरी येऊन, "तुझी एकादशी आणि माझो डोह" म्हणत हसला असेल.

दोघांची सुट्टी एकाच दिवशी. त्यात तिच्यासाठी काही नव्हतं असं कसं म्हणावं? तिच्या उपासाचे दिवस आणि पिल्लांच्या जेवणाचे दिवस त्यानं एकाच राखणीत बांधले होते. डोह मोडू देऊन नुसता नेम राखता येत नव्हता. हे त्यानं तिला सांगितलं का नाही? कदाचित सांगितलंही असेल, सुतळी दातांत धरून, आणि ती चुलीपाशी "बरं" म्हणाली असेल.

*

एकादशीला तिनं माळा नेहमीपेक्षा सावकाश ओढल्या. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला भरती, आणि सहा तासांनी, दुपारी दोन-सव्वादोनला ओहोटी. एक वाजता निघालं की पुरे.

फोन वाजला. "ताई, मी काही विचारत नाही," ऋजुता म्हणाली. "नुसता सहज केला."

"बरं केलंस."

"एकट्याच आहात?"

"एकटीच गो. अजून कोण असणार?"

पलीकडे होडीच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही. मग ऋजुताला कुणीतरी हाक मारली.

वैजयंती देव्हाऱ्यापुढं उभी राहिली. तळहातावर पळीभर पाणी घेतलं. संकल्प सोडायची तिला सवय होती, पण आज शब्द तिचे तिलाच शोधावे लागले.

"नारायणा," ती म्हणाली, "पाच घास काढणार आहे. उद्याच्या पारण्याच्या ताटातले पाच घास मी सोडीन. हिशोब जुळत असला तर तूच जुळव. नाही जुळला तर दोष माझा, त्या पिल्लांचा नव्हे. आणि ह्यांना सांग, की मी जाते आहे."

तिनं पाणी ताम्हनात सोडलं. इतकी वर्षं याच दिवशी ती त्याची वाट बघत बसत असे. आज पहिल्यांदा ती बसली नाही.

नळी, डबी आणि लहानसं हातजाळं तिनं पिशवीत घातलं. कोपऱ्यातली दिगंबरची बांबूची काठी घेतली. पदर खोचला. तुळशीपाशी क्षणभर थांबून ती निघाली.

खळ्यातून भिकाअण्णानं पाहिलं. हातात काठी, पायांत वहाणा नाहीत. काहीतरी टोमणा त्याच्या जिभेवर आला असावा, पण त्यानं तो गिळला. "पाणी थंड असतला," एवढंच म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली.

किनारा पार रिकामा होता. खाडीच्या तोंडाशी पाणी आरशासारखं निश्चल होतं, आणि ऊन त्यातून थेट खाली उतरलं होतं. वाट कुठंच दिसत नव्हती. डोळ्यांनी शोधायची नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिनं काठी टेकली. पाऊल पाण्यात सोडलं. थंड पाणी घोट्यावरून पोटरीवर चढलं आणि खाली तळव्याला गुळगुळीत, ओळखीचा दगड लागला.

"एक," ती हळूच म्हणाली, आणि दुसरं पाऊल उचललं.